सिस्टरच्या गाडीचं लोखंडी तोंड

आमच्या घरमालकीणबाई गाडीचं बॉनेट उघडण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायच्या. नंतर तर कोणीही धुतं. पण आधी धुणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. अंगणातल्या नळाखाली साबण लावायचा, बोटांच्या बेचक्यांतून फिरवायचा, मग दोन्ही हात वर धरून, कोपरांवरून पाणी निथळू देत गाडीपर्यंत यायचं आणि मला सांगायचं, "दांडा लाव वं पोरी." मी बॉनेटला दांडा लावायची. त्या आत वाकून बघायच्या, ऑइल तपासायच्या, आणि सरळ होत म्हणायच्या, "पेशंट ठीक आहे."

त्यांनी जन्मभर धंतोलीतल्या एका खासगी हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काम केलं होतं. रिटायर होऊन काही वर्षं झाली होती, तरी हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत लहानथोर सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. त्यांच्या लेखी सगळ्याच वस्तू पेशंट होत्या. पाण्याची मोटर, फ्रीज, माझी स्कूटी. "फ्रीज कालपासून कण्हून राहिला," असं त्या सांगायच्या, तेही घरात कोणी आजारी असावं तशा हलक्या आवाजात.

मी वणीकडची. धंतोलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियनची नोकरी लागली तेव्हा खोली शोधत त्यांच्याकडे पोचले. वरच्या मजल्यावरची खोली रिकामी होती. सिस्टरनी माझं गाव विचारलं, काम विचारलं, आणि मग आत जाऊन एक सिरिंज घेऊन आल्या. साडीचा पदर सावरून हात माझ्यासमोर ठेवला.

"रक्त काढता येते म्हणते नं तू? काढ."

मी घाबरत काढलं. त्यांची नस बारीक होती, पण पहिल्याच वेळी सापडली. त्यांनी कापसाचा बोळा दाबून धरला आणि म्हणाल्या, "सामान केव्हा आणते?" दुसऱ्यांदा टोचावं लागलं असतं तर खोली मिळाली नसती, असं त्यांनी पुढे मला कित्येकदा सांगितलं. ते खरंच असावं.

त्यांचं लग्न झालं नव्हतं. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, त्याखाली आईवडिलांचा. फोन उचलला की "जय भीम, कोण बोलून राहिलं?" हे ठरलेलं. रिटायर झाल्यावर त्या घरावर आणखी एक स्लॅब टाकतील, असं त्यांच्या पुतण्यांना वाटत होतं. सिस्टरनी एक जुनी डबल केबिनची पिकअप घेतली. पुढे मागे मिळून पाच माणसं बसतील आणि मागे सामानाचा उघडा हौदा, अशी गाडी. त्याआधी त्यांना स्कूटीपलीकडे काही चालवता येत नव्हतं. साठीला टेकलेल्या त्या बाईंनी मोटर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन कॉलेजच्या पोरींबरोबर क्लच आणि ब्रेक शिकून घेतला.

गाडी कशाला, याचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. धंतोलीत सगळी मोठी हॉस्पिटलं, तिथे साऱ्या विदर्भातून माणसं येतात. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, कुठून कुठून. ऑपरेशन होतं, पेशंट बरा होतो, डिस्चार्ज मिळतो, आणि मग ते सगळं कुटुंब हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर उभं असतं. टाके ओले असलेली बाई, तिचा नवरा, सासू, आणि इतके दिवस जिथे कुठे राहिले तिथला सगळा संसार. स्टोव्ह, बादली, गाद्यांची वळकटी. आता एसटीत कसं चढायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न.

"अँब्युलन्स माणसाले नेते," सिस्टर म्हणायच्या, "त्याच्या बादलीले नेत नाही. आणि बादली टाकून कोणी जात नाही."

म्हणून पिकअप. पेशंट मागच्या सीटवर आडवा, नातेवाईक पुढे, बादली हौद्यात. डिझेल ज्याला जमेल त्याने भरायचं. माझी सुट्टी असली की मी बरोबर जायची. खड्डा आला की सिस्टर आधीच मोठ्याने सांगायच्या, "पोट धरा," आणि मागची बाई पोटावर उशी दाबून धरायची. खड्डा गेला की, "सोडा." भिवापूरपर्यंत, वरोऱ्यापर्यंत असं चालायचं. मला तर नंतर एसटीतही खड्डा आला की पोट धरायची सवय लागली.

तर एका उन्हाळ्यात, भरदुपारी, आम्ही भिवापूरच्या रस्त्याने चाललो होतो. मागे गर्भाशयाचं ऑपरेशन झालेली एक बाई होती, तिच्या पायाशी मी, पुढे तिची बहीण. उमरेड मागे टाकलं आणि उजवीकडच्या शेतातून एक रानडुक्कर असं काही सुटलं की सिस्टरचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत ते समोर येऊन आदळलं होतं. डुक्कर उठलं, अंग झाडलं आणि पलीकडच्या शेतात निघून गेलं. गाडी मात्र तिथेच बसली. पुढच्या प्लास्टिकच्या बंपरचे तुकडे रस्त्यावर, आणि रेडिएटरमधून पाणी गळत होतं.

सावली म्हणून नव्हती. सिस्टरनी हौद्यातली चादर काढून गाडीच्या दारापासून माझ्या हातापर्यंत ताणली आणि पेशंटला तिच्याखाली घेतलं. टाके पाहिले. हिसक्याने एका ठिकाणी रक्त आलं होतं. त्यांनी गॉज दाबून धरलं आणि एक दुधाची गाडी थांबेपर्यंत हात काढला नाही. त्या गाडीतून बाई गावी पोचली, टाकेही धरून राहिले. परतीच्या वाटेवर टोइंगच्या गाडीत सिस्टर वळून वळून आपल्या गाडीकडे बघत होत्या. घराजवळ आल्यावर म्हणाल्या, "प्लास्टिकचं तोंड आहे या पेशंटचं. बदलून टाकू."

रिंग रोडच्या पलीकडे एका गॅरेजवाल्याकडे त्यांची गाडी जायची. त्याला सगळे उस्ताद म्हणत. चाळिशीचा माणूस, दाढी मेंदीने रंगवलेली. वेल्डिंगवर त्याचा फार जीव होता. जाड पत्रा कापून, वाकवून, जोडून तो पिकअपसाठी लोखंडी बंपर स्वतः तयार करायचा.

"बंपरच्या पुढे लावतात तो लोखंडी गार्ड मी लावत नाही, सिस्टर," त्याने सांगितलं. "त्याच्यावर बंदी आहे. मी काय करतो, कंपनीचा बंपर काढतो आणि त्याच जागी लोखंडाचा बसवतो. त्याले कोणी विचारत नाही."

"विचारत नाही म्हणजे चालते?"

"विचारत नाही म्हणजे विचारत नाही."

सिस्टरनी फुटक्या बंपरकडे पाहिलं. समोरच्या गल्लीतल्या किराणा दुकानात स्कूटीवर जातानाही हेल्मेट घालणाऱ्या बाई त्या. असल्या उत्तरावर एरवी त्या उठून आल्या असत्या. पण त्या दुपारचं ते रक्त अजून डोळ्यांपुढे असावं.

"लाव," त्या म्हणाल्या. "पण मी समोर उभी राहीन."

त्या नुसत्या उभ्या राहिल्या असत्या तर उस्तादचं बरं झालं असतं. रविवारी सकाळी त्या गॅरेजमध्ये आल्या त्या जुना हिरवा एप्रन घालून, केस टोपीखाली बांधून. हातात स्टीलचा किडनी ट्रे. ऑपरेशनच्या वेळी हत्यारं आणि बोळे ठेवायला वापरतात तो, एका बाजूने आत वळलेला खोलगट ट्रे. तो त्यांनी स्टुलावर ठेवला आणि उस्तादला आणि त्याच्या दोन्ही मेकॅनिकना बजावलं, "जे काही निघन ते यात. जमिनीवर काही ठेवाचं नाही."

आधी बॅटरीची वायर काढली. "पेशंट सुन्न झाला," सिस्टर म्हणाल्या. मग समोरची जाळी निघाली, फॉगलाइटच्या वायरी सुटल्या, चाकांच्या वरच्या कमानीतल्या क्लिपा निघाल्या, आणि उरलासुरला प्लास्टिकचा बंपर दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून अलगद पुढे ओढला. त्याच्याशिवाय गाडी कवळी काढलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसायला लागली. सिस्टर प्रत्येक स्क्रू ट्रेमध्ये पडताना आवाज ऐकून मान हलवायच्या. मला त्यांनी मोजायला बसवलं होतं. थिएटरमध्ये पोट शिवण्याआधी बोळे मोजतात, हत्यारं मोजतात. काउंट जुळल्याशिवाय डॉक्टर कितीही मोठा असो, शिवत नाही. तोच नियम इथे.

नवा बंपर काळाभोर, आणि इतका जड की जॅकवर ठेवून, तिघांनी रेटा देऊन तो चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, टोकांपर्यंत आणावा लागला. तिथे आधी लोखंडी पट्ट्या बसवल्या होत्या, त्यांच्या भोकांना बंपरची भोकं जुळायला हवी होती. उजवीकडची जुळली. डावीकडची जुळेनात. डुकराने चेसिसलाही थोडा वाक दिला होता. उस्तादने कानशीने भोक लांबट केलं, बोल्ट ढिले अडकवले, लेव्हलची नळी ठेवून पाहिली. सिस्टरनी बंपर आणि पत्र्याच्या मधल्या फटीत दोन्ही बाजूंनी बोट घालून पाहिलं. "डावीकडे जास्त आहे." उस्तादने जॅक किंचित वर घेतला. "आता?" "आता बरोबर." मग एक इकडचा, एक तिकडचा असे बोल्ट आळीपाळीने आवळले, लाइटच्या वायरी जोडल्या, जाळी बसवली. पुढचा भाग वजनाने जरा खाली बसला म्हणून हेडलाइट पुन्हा वर केले. उस्तादने हात पुसले, मागे सरून आपलं काम पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होतं.

"काउंट?" सिस्टरनी मला विचारलं.

मी ट्रेमध्ये पाहिलं, पुन्हा मोजलं. नव्या बोल्टांपैकी एक कमी होता. सगळी भोकं भरलेली, जादा म्हणून आणलेले बोल्ट ट्रेमध्ये, पण त्यांतला एक नाही.

"जास्तीचाच होता तो," उस्ताद म्हणाला. "पडला असंन कुठी."

"कुठी पडला?"

"सिस्टर, गाडी आहे ही. माणसाचं पोट नाही."

"पंख्यात अडकला तं? रस्त्यात रेडिएटर फाडलं तं? आत बसलेलं पोट माणसाचंच आहे नं गा?"

उस्तादने माझ्याकडे पाहिलं. मी ट्रेकडे पाहिलं. जाळी पुन्हा निघाली. लाइट सुटले. शेवटी बंपरही जॅकवर उतरला. गॅरेजची फरशी झाडूने झाडली. बोल्ट नाही. ऊन वर आलं होतं, मेकॅनिक वैतागले होते, उस्ताद भिंतीला टेकून बसला होता. सिस्टरनी घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून एप्रनच्या खिशात हात घातला आणि तो तिथेच थांबला.

दुसरी कोणी असती तर तो बोल्ट हळूच गाडीखाली टाकून "सापडला" म्हणाली असती. सिस्टरनी तो हातात धरून वर काढला, सगळ्यांना दिसेल असा. मग टोपी काढली.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हा तिघांची मी माफी मागते. मीच हातात घेऊन पाहिला आणि मीच खिशात टाकला."

मग उस्ताद उठला, चहा सांगितला, आणि बशीत ओतून पहिला त्यांच्यापुढे धरला. "घ्या जी. गरम आहे तोवर घ्या. मग पुन्हा लावू." संध्याकाळ होत आली तेव्हा बंपर दुसऱ्यांदा बसला. तेव्हापासून त्या गॅरेजमध्ये नट ठेवायला एक जुनं ताट आलं, ते मी मागच्या वर्षीही तिथे पाहिलं.

लोखंडी तोंडाची गाडी मात्र वेगळीच दिसायला लागली. आधी ती गरीब वाटायची, आता रागावल्यासारखी वाटे. रस्त्यात लोक आपसूक बाजू द्यायचे. भिवापूरच्या रस्त्यावर सिस्टर पूर्वी शेताच्या कडेने सावकाश चालवायच्या, दर थोड्या अंतराने हॉर्न वाजवायच्या. आता तो हॉर्न कमी झाला होता आणि वेग थोडा वाढला होता. मी एकदा काट्याकडे पाहिलं, तर त्यांनी माझं पाहणं पाहिलं आणि म्हणाल्या, "आता भीती नाही वं."

पुढचं घडलं ते मात्र हायवेवर नाही. आमच्याच फाटकात.

गल्लीच्या कोपऱ्यावर एका इस्त्रीवाल्याची हातगाडी असे. पन्नाशीचे, कमी बोलणारे, पवनीकडचे गृहस्थ. सगळे त्यांना भाऊ म्हणत. एका दुपारी सिस्टर गाडी बाहेर काढत होत्या. वेग असा नव्हताच, माणूस चालतो त्याहून कमी. भाऊ सायकलवर इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन वळणावरून आले. सिस्टरनी ब्रेक मारला, पण बंपरचा डावा कोपरा त्यांच्या पायाला लागला. आवाज झाला तो मला वरच्या खोलीत ऐकू आला. मी खाली धावले तेव्हा सिस्टर रस्त्यावर गुडघे टेकून भाऊंचा पाय दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. आजूबाजूला दुसऱ्यांचे धुतलेले पांढरे शर्ट पसरले होते.

"काही नाही झालं जी," भाऊ म्हणत होते.

"नळीचं हाड मोडलं आहे," सिस्टर म्हणाल्या. "हलू नका."

धंतोलीतल्या ज्या डॉक्टरांबरोबर त्यांनी आयुष्य काढलं, त्यांच्याचकडे नेलं. प्लास्टर झालं. डॉक्टरांनी एक्सरे उजेडात धरून सहज विचारलं, "इतक्या कमी वेगात? काय लागलं यांना?" सिस्टरनी सांगितलं, "माझं लोखंड."

दुसऱ्या दिवशी त्या आपण होऊन पोलीस चौकीत गेल्या. मी सोबत होते. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण मॅडम, त्याची तक्रार नाही नं? मग तुम्ही काहून आल्या?"

"धडक मी दिली नं? मग सांगाले कोण येणार?"

त्याने त्यांना बसायला खुर्ची दिली, जबाब लिहून घेतला. जे काही व्हायचं ते रीतसर झालं. पण सिस्टर घरी आल्या त्या जणू दुसऱ्याच कोणी. गाडीची चावी त्यांनी माझ्या हातात दिली आणि उस्तादला बोलवायला सांगितलं.

उस्ताद आला, गाडी घेऊन गेला. सिस्टर माझ्या स्कूटीच्या मागे बसून गॅरेजमध्ये आल्या. बंपर काढा आणि कंपनीचा प्लास्टिकचा लावा, एवढंच त्यांनी सांगितलं. उस्तादने काढला. मग म्हणाला, "हा ठेवून देतो. गिऱ्हाईक येईनच कोणी."

"नाही. काप याले."

"काय जी?"

"गॅसनं काप. तू विकला तं हा दुसऱ्याच्या गाडीवर जाईन."

उस्तादला ते फार लागलं. हाताने घडवलेली वस्तू होती त्याची. "सिस्टर, चूक बंपरची नव्हती," तो म्हणाला. "वळणावर माणूस दिसला नाही, हे कोणाच्याही हातून होते."

"हाव. चूक माझीच. चूक तं माझ्या हातून होणारच, मी माणूस आहे. पण माझी चूक झाली तं समोरच्याचं काय व्हावं, ते मी आधीच ठरवून ठेवलं होतं ना, हे लावून? मी माझ्याच पेशंटचा विचार केला. रस्त्यावरचा माणूस कोणाचा पेशंट आहे मग?"

उस्तादने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि गॅसची ज्योत पेटवली. तुकडे होईपर्यंत सिस्टर तिथून हलल्या नाहीत.

त्यानंतर गाडी अंगणात उभी राहिली. फोन यायचे. कोणाचा पेशंट सिरोंच्याला जायचा असे, कोणाचा वणीला. "मी गाडी बंद केली," असं सांगून त्या दुसऱ्या कोणाचा तरी नंबर द्यायच्या, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ फोनकडे बघत बसायच्या. एकदा मी म्हटलं, "आता तर प्लास्टिकचा बंपर आहे." त्या म्हणाल्या, "हात तं तेच आहेत वं." बॉनेट उघडणं बंद झालं. नळाखाली हात धुणंही.

भाऊंना त्यांनी पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. त्यांची बायको चार घरी स्वयंपाकाला जायची, तिला हातगाडी सांभाळणं शक्य नव्हतं. आणि गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे गेलं की परत येत नाही, ही त्यांची खरी काळजी होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी कामावर निघाले तर कोपऱ्यावर हातगाडी लागलेली, आणि तिच्यामागे सिस्टर. पांढरे बूट, खोचलेला पदर, हातात कोळशाची इस्त्री.

"तुम्ही हे..."

"त्याईचं काम माझ्यानं बंद पडलं. तं काम मी करीन. कोळसे फुलले का, पाह्य बरं."

पहिल्या दिवशी एका बँकेतल्या साहेबांच्या शर्टाची बाही जळाली. सिस्टर स्वतः तो शर्ट घेऊन त्यांच्या घरी गेल्या आणि "मी जाळला" म्हणून सांगून आल्या. दुसऱ्या दिवशी त्याहून मोठी गंमत झाली. गल्लीतल्या सगळ्यांचे शर्ट उलटे घडी होऊन घरोघरी गेले. थिएटरमधले गाऊन आतली बाजू बाहेर ठेवून घडी करतात, म्हणजे घालताना बाहेरच्या बाजूला हात लागत नाही. सिस्टरच्या हातांना घडीची तेवढीच पद्धत ठाऊक होती. शाळेत जाणारे एक मास्तर तसाच उलटा शर्ट घालून गेले आणि मधल्या सुट्टीपर्यंत त्यांना कोणी सांगितलं नाही.

ते कळल्यावर भाऊंना घरी बसवेना. ते कुबड्या घेऊन आले, हातगाडीशेजारी खुर्ची टाकून, पाय डब्यावर ठेवून बसायला लागले. "सिस्टर, आधी कॉलर. मग बाही. पाठ सगळ्यात शेवटी." सिस्टर निमूट ऐकायच्या. एखाद्या नव्या शिकाऊ नर्ससारखं त्यांनी ऐकलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. इस्त्री जड होती, संध्याकाळी त्यांचं मनगट सुजायचं. मी बर्फ लावायची. पण घडी सुधारली, आणि धारेला तर तोड नव्हती. पँटची धार अशी पडायची की लोक हात लावून पाहायचे.

दुपारी काम कमी असलं की दोघं बोलत बसायची. म्हणजे भाऊ एखादं वाक्य बोलायचे आणि सिस्टर त्यावर तास काढायच्या. भाऊंची आई पवनीजवळच्या गावी एकटी राहायची, तिला मुलाच्या पायाचं अजून सांगितलेलं नव्हतं, हे असंच एकदा बोलण्यात आलं.

प्लास्टर निघालं. भाऊ काठी घेऊन चालायला लागले, पण अजून उभं राहून इस्त्री चालवणं जमत नव्हतं. एका रविवारी दुपारी ते आमच्या अंगणात आले. सिस्टर भांडी घासत होत्या.

"मले गावी सोडून देता का जी?"

"बसची सोय करून देते. पुढची सीट मिळन."

"बसनं पाय लटकते. गाडी उभी आहे तुमची."

"मी चालवत नाही आता भाऊ."

"माहीत आहे."

ते पायरीवर बसले. काठी मांडीवर आडवी ठेवली. घाई कसली नाही, असं त्यांचं बसणं. सिस्टरनी एक ताट तीनदा घासलं.

"भीती नाही वाटत तुमाले? त्याच गाडीत बसाले?"

भाऊंनी विचार केला. "वाटते," ते म्हणाले. "पण गावी जाचं आहे, मायले येतो म्हणून कळवलं आहे. आणि दुसरं कोणी नेलं तं तुमाले ते बरं वाटन का?"

सिस्टर उठल्या. राखेचे हात नळाखाली धरले. मग साबण घेतला, कोपरापर्यंत लावला. त्यांनी न सांगताच मी बॉनेटचा दांडा लावायला पुढे झाले.

भाऊ पुढच्या सीटवर बसले, मी मागे. उमरेडपर्यंत सिस्टर इतक्या सावकाश चालवत होत्या की मागून येणारे हॉर्न वाजवून वाजवून दमले. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट, मान पुढे. प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक झाडामागे कोणी असेल अशा त्या बघत होत्या. भाऊंचा एक हात दाराच्या मुठीवर होता आणि सुरुवातीला मी पाहिलं, तो पांढरा पडेपर्यंत आवळलेला होता. भिवापूर गेलं तेव्हा तो सुटून मांडीवर आला होता.

ऊन कललं. गवताने भरलेला एक ट्रॅक्टर मागून आला, आमच्या बाजूने धडधडत पुढे निघून गेला, आणि त्यातल्या वाळल्या काड्या आमच्या काचेवर पडल्या. भाऊंनी त्या ट्रॅक्टरकडे पाहिलं, मग सिस्टरकडे.

"सिस्टर," ते म्हणाले, "जरा जोरात घ्या जी. माय जेवाची थांबली असन."

सिस्टरनी आरशात मागचा रस्ता पाहिला, पुढचा पाहिला, आणि गिअर बदलला.